‘मायनर’ म्हणजे गौण?

शाळेत पाठ केलं होतं, मायनर म्हणजे अल्पवयीन. इंजिनिअरिंगला मायनर प्रोजेक्ट म्हणजे मेजरच्या आधीचा. नोकरीत मायनर बग म्हणजे सोमवारी बघू. त्यामुळे धानोऱ्याला घरी गेलो असताना २००६च्या वनहक्क कायद्यात ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ वाचलं आणि मनात आपोआप ‘किरकोळ’ उमटलं. मराठीत त्याला ‘गौण वनोपज’ म्हणतात. समोर अंगणात मोहफुलं वाळत होती. माझ्या कॉलेजची पहिली फी तेंदूपत्त्याच्या पैशातून भरलेली.

माझं भांडण ‘गौण’शी आहे. इंग्रजांच्या वनखात्याचा डोळा सागवानावर होता. इमारती लाकूड आणि जळाऊ लाकूड मेजर, उरलेलं सगळं मायनर. म्हणजे ही खात्याच्या हिशेबवहीतली वर्गवारी. ‘गौण’ म्हटलं की ती वस्तूची लायकी होऊन बसते. गंमत म्हणजे खुद्द कायद्याची व्याख्या साधी आहे: वनस्पतींपासून मिळणारं, इमारती लाकूड सोडून सगळं. त्यात मध, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळं आणि बांबूही. मग ‘लाकडाखेरीज वनोपज’ म्हणायला काय हरकत होती? लांब आहे, मान्य. पण खोटं नाही.

तरीही या शब्दाची दुसरी बाजू मला बांबूने दाखवली. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता. झाड म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे खात्याचं. २००६च्या कायद्याने त्याला मायनरमध्ये टाकलं, आणि मायनरची मालकी जंगलात राहणाऱ्यांची. इथून जवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचाच. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. १९२७च्या कायद्यातला ‘झाड’ हा शिक्का निघायला मात्र २०१७ उजाडलं.

म्हणजे इथे ‘मेजर’ ठरण्यात तोटा होता. कोणत्याही शब्दकोशात ‘मायनर’समोर ‘ज्यावर गावाचा हक्क चालतो ते’ असा अर्थ मला सापडणार नाही. धानोऱ्यात तो चालतो.

काकाजींना विचारलं, गौण म्हणजे काय? फुलं परतवता परतवता ते म्हणाले, “जे आपण विकू शकतो ते.”