मुखवटा आणि गणवेश : तमिळ चित्रपटांतील एका अवघड नात्याची चिकित्सा

मुखवटा धारण करून न्यायनिवाडा करणारा नायक आणि त्याच्या मागावर असलेले पोलीस यांचे नाते तमिळ चित्रपटाने गेली सात दशके पुनःपुन्हा रंगविले आहे. वरवर पाहता हे नाते शिकारी आणि सावज यांचे दिसते; पण पोलिसांना जे जमत नाही, अथवा कायद्याने करू दिले जात नाही, ते हा मुखवटेधारी करून मोकळा होतो. म्हणूनच तो पोलिसांना हवाही असतो आणि नकोही असतो. या कथांचे नैतिक सत्त्व या अवघडलेपणातच आहे. ज्या कलाकृतीतून ते नाहीसे होते, तेथे नाट्य कितीही थरारक असले तरी विचार थांबलेला असतो.

या अवघडलेपणाची मुळे मद्रास इलाख्याच्या इतिहासात सापडतात. महसूलवसुलीसाठी व कबुलीजबाबासाठी रयतेचा जो छळ होत असे, त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ साली मद्रासमध्ये सादर झाला. त्यानंतर १८५९ च्या कायद्याने इलाख्याच्या पोलीस दलाची पुनर्रचना झाली. पुढे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये असे ठरविले, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते तत्त्व कायम ठेवले. पोलिसांच्या शब्दावर कायद्याचाच विश्वास नाही. मुखवटेधाऱ्याच्या शब्दावर मात्र प्रेक्षकाचा विश्वास पूर्ण आहे. या दोन टोकांमध्ये ही कथा घडते.

स्वातंत्र्यचळवळीतील कवी नामक्कल रामलिंगम पिळ्ळै यांच्या ‘मलैक्कळ्ळन’ या कादंबरीवरून १९५४ साली एस. एम. श्रीरामुलु नायडू यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. संवाद मु. करुणानिधी यांचे आणि नायक एम. जी. रामचंद्रन. डोंगरात वावरणारा, ज्याच्यावर साऱ्या लुटीचा आळ आहे असा दरोडेखोर आणि समाजात प्रतिष्ठित असलेला धनिक व्यापारी ही एकाच पुरुषाची रूपे. पोलीस एका रूपाचा आदर करतात आणि दुसऱ्याला शोधत फिरतात. शेवटी खरे गुन्हेगार उघडे पडतात ते त्याच्यामुळेच. मराठी रसिकाला हे कथानक ‘आझाद’ (१९५५) या हिंदी अवताराने परिचित आहे; दिग्दर्शक तेच, नायक दिलीपकुमार आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘काळा पहाड’वर पोसलेल्या वाचकालाही कायद्याबाहेर राहून दुबळ्यांचा कैवार घेणारा नायक नवा नव्हता.

‘मलैक्कळ्ळन’मधील मुखवटा उतरविता येतो, हे येथे महत्त्वाचे. कथा संपते तेव्हा दरोडेखोर नाहीसा होऊन गृहस्थ उरतो आणि समाजाची घडी पूर्ववत बसते. राज्यसंस्थेने काही काळ उसना घेतलेला न्याय परत केलेला असतो. पडद्याबाहेर मात्र हा हिशेब इतका सरळ राहिला नाही. एम. एस. एस. पांडियन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रामचंद्रन यांची पडद्यावरील प्रतिमा आणि त्यांचे राजकारण यांची गुंफण चिकित्सकपणे उलगडली आहे. दीनांचा हा पडद्यावरील कैवारी १९७७ साली मुख्यमंत्री झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत उत्तर अर्काट व धर्मपुरी भागांत नक्षलवादी तरुण पोलीस चकमकींत मारले गेले. ज्याने पडद्यावर कायद्याबाहेरचा न्याय लोकप्रिय केला, त्याच्या राज्यात कायद्याबाहेरचे बळ गणवेशात वावरू लागले. योगायोग असा की, चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील सचिवालयाची दहा मजली इमारत आज ‘मलैक्कळ्ळन’च्या जनकाचे, नामक्कल कवींचेच, नाव धारण करून उभी आहे.

शंकर यांचा ‘अन्नियन’ (२००५) हा या परंपरेतील सर्वांत गुंतागुंतीचा चित्रपट. त्याचे संवाद सुजाता या नावाने लिहिणारे विख्यात तमिळ लेखक एस. रंगराजन यांचे आहेत. नायक अंबी हा चेन्नईतील नियमनिष्ठ वकील. नियम मोडणाऱ्यांविरुद्ध तो दाद मागतो, पण त्याची दाद कोठेच लागत नाही. त्याच्या दुभंगलेल्या मनातून ‘अन्नियन’, म्हणजे परका, जन्मतो आणि गरुडपुराणातील नरकशिक्षा अपराध्यांना भोगावयास लावतो. अपघातग्रस्ताला मदत नाकारणारा मोटारमालक म्हशींच्या पायांखाली तुडविला जातो, रेल्वेत निकृष्ट अन्न पुरविणारा कंत्राटदार उकळत्या तेलात जातो. अपराध हलगर्जीपणाचे आणि शिक्षा यमलोकातील! या विषमतेत विनोदाची शक्यता आहे आणि भीतीचीही. चित्रपट दोन्हींना स्पर्श करतो, पण तिचा जाब स्वतःला विचारत नाही. संकेतस्थळावर आलेली तक्रार हाच पुरावा, आणि आरोपीचे म्हणणे ऐकण्याची गरजच नाही. १८५५ च्या आयोगापुढे रयतेने ज्या पद्धतीविरुद्ध गाऱ्हाणे मांडले होते, तीच पद्धत येथे रयतेच्या नावाने गौरविली जाते.

तपास करणारा पोलीस उपायुक्त प्रभाकर हा खुनांपैकी एका बळीचा भाऊ आहे. त्यामुळे मुखवटेधारी सार्वजनिक न्यायाची भाषा बोलतो आणि पोलीस खाजगी सूडाच्या भावनेने वागतो, अशी भूमिकांची अदलाबदल घडते. चित्रपटाची खरी नाट्यमयता येथे आहे; दुर्दैवाने ती पुढे विकसित होत नाही. न्यायालय नायकाला मनोरुग्णालयात पाठवते, तो बरा झाला असे ठरते, आणि अखेरीस चालत्या गाडीत तो पुन्हा एक जीव घेतो. या वेळी पत्नीच्याही नकळत, पूर्ण भानावर राहून. ‘मलैक्कळ्ळन’चा मुखवटा उतरला होता, अन्नियनचा चेहऱ्यात मुरला आहे. प्रेक्षागृहातील टाळ्या या मुरण्याला मिळतात, ही अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

सुसी गणेशन यांच्या ‘कंदसामी’त (२००९) आणखी एक टप्पा ओलांडला जातो. चेन्नईच्या दक्षिणेस तिरुप्पोरूर येथील मुरुगनच्या मंदिरात भाविक आपली गाऱ्हाणी झाडाला बांधतात आणि कोंबड्याच्या वेषातील कोणी अज्ञात ती दूर करतो. कोंबडा हे मुरुगनच्या ध्वजावरील चिन्ह असल्याने न्यायाला दैवी झळाळी येते. प्रत्यक्षात हा वेषधारी केंद्रीय अन्वेषण विभागाचाच अधिकारी आहे. शोध घेणारा आणि ज्याचा शोध चालू आहे तो, दोघेही एकाच राज्यसंस्थेचे पगारदार! मिष्किन यांच्या ‘मुगमूडि’त (२०१२) तर दरोडेखोरही मुखवटेधारी आणि त्यांचा प्रतिकार करणाराही मुखवटेधारी. त्याआधी गौतम मेनन यांच्या ‘काक्क काक्क’ने (२००३) चेन्नईतील चकमकफेम अधिकाऱ्याला नायकपद देऊन मुखवट्याची गरजच संपविली होती. जेथे गणवेशच मुखवट्याचे काम करू लागतो, तेथे पोलिसांना संकोच वाटण्याचे कारण उरत नाही. संकोच संपणे हे बळाचे लक्षण मानले गेले. वस्तुतः ती हानी होती.

ही हानी ओळखणारी दृष्टीही तमिळमध्येच निर्माण झाली, ही समाधानाची बाब. कोइंबतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांच्या ‘लॉक अप’ या अनुभवकथनपर कादंबरीवर वेट्रिमारन यांनी ‘विसारणै’ (२०१५) उभा केला. न केलेल्या चोरीची कबुली मिळावी म्हणून गुंटूरच्या कोठडीत मार खाणारे तमिळ मजूर हे त्याचे नायक. त्यांच्याजवळ मुखवटा नाही. उघडे, सुजलेले चेहरे आहेत. टी. जे. ज्ञानवेल यांच्या ‘वेट्टैयन’मध्ये (२०२४) शिक्षिकेच्या हत्येने खवळलेल्या जनमताच्या रेट्याखाली रजनीकांतने साकारलेला अधिकारी निरपराध तरुणाला गोळी घालतो, आणि त्या गोळीचा हिशेब त्याला द्यावा लागतो. लोकप्रिय चित्रपटाच्या सवयी त्यातही आहेत. तरीही ज्या नटाच्या प्रत्येक गोळीवर शिट्ट्या पडत आल्या, त्याच्याच हातून चुकीची गोळी सुटावी, हा धाडसी निर्णय होता.

मुखवटेधारी नायक हे दुबळ्यांच्या निराशेचे अपत्य आहे. त्याची टवाळी करणे म्हणजे त्या निराशेची टवाळी करणे होय. पण ज्या न्यायात आरोपीला बोलता येत नाही, त्याचा पहिला बळी बहुधा दुबळाच असतो. ‘विसारणै’तील मजूर हे सांगतात आणि ‘वेट्टैयन’मधील वस्तीतला तरुणही तेच सांगतो. मुखवट्यापुढे पोलिसाने अवघडून उभे राहावे, यातच कायद्याची उरलीसुरली लाज आहे, आणि ती राखणारी कथाच या परंपरेत टिकण्याजोगी आहे.