तक्त्यातला पहिला नंबर

आमच्या शाळेतला एकुलता एक लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात बंद पडला. निकालपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, विज्ञानाच्या तासाला दाखवायच्या चित्रफिती, सगळे त्याच्यावरच चालत असे. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. त्याचा खर्च ऐकल्यावर नवाच घ्यावा असे ठरले. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या पैशांत एकच लॅपटॉप येणार होता. निवड चुकली तर पुन्हा कोणापुढे हात पसरायचा, हा प्रश्न होता.

शिक्षकखोलीत लगेच मते पडली. एक सर म्हणाले, ‘‘माझा अमुक कंपनीचा आहे. आठ वर्षे झाली, एकदाही उघडलेला नाही.’’ त्यावर एक बाई म्हणाल्या, ‘‘त्याच कंपनीचा माझ्या भावाने घेतला, वर्षात दोनदा दुरुस्तीला गेला.’’ तिसऱ्या सरांनी खिशातून एक कागद काढला. ‘‘वाद कशाला? आकडेच बघा ना.’’

कागदावर होता स्क्वेअरट्रेड या अमेरिकी कंपनीच्या २००९ सालच्या अहवालातला तक्ता. ‘कोणता लॅपटॉप टिकाऊ?’ असा प्रश्न निघाला की हा तक्ता अनेक वर्षे पुढे केला जात असे. अजूनही तो कोणाच्या तरी खिशातून निघतो. मुलांना आपण ‘निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा’ असे शिकवतो. म्हणून आम्ही ठरवले की पैसे खर्च करण्याआधी हा तक्ता नीट वाचायचा.

अहवालात तीस हजारांहून अधिक लॅपटॉपांची नोंद आहे. तीन वर्षांत शंभरापैकी ३१ लॅपटॉप बिघडतात, असा त्याचा मुख्य निष्कर्ष. त्यातले २०.४ यंत्रातल्याच दोषाने, तर १०.६ पडल्यामुळे, पाणी-चहा सांडल्यामुळे, म्हणजे अपघाताने. यंत्रदोषाचे कंपनीवार टक्के असे: असूस १५.६, तोशिबा १५.७, सोनी १६.८, अ‍ॅपल १७.४, डेल १८.३, लेनोव्हो २१.५, एसर २३.३, गेटवे २३.५ आणि एचपी २५.६.

आधी या अहवालाचे श्रेय त्याला देऊ. ‘माझा चांगला चालला’ या एका अनुभवापेक्षा तीस हजार नोंदी केव्हाही बऱ्या. यंत्राचा दोष आणि माणसाच्या हातून झालेला अपघात वेगळे मोजले आहेत, हेही शास्त्रीय वृत्तीला धरून आहे. पण स्क्वेअरट्रेड ही कंपनी वाढीव हमी, म्हणजे वॉरंटी, विकते. ‘तीनांतला एक लॅपटॉप बिघडतो’ हे वाक्य तिच्या मालाची जाहिरातही आहे. म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. बिघाडाचा अंदाज चुकला तर तोटा तिलाच होईल. मात्र ज्यांनी वाढीव हमी घेतली त्यांचेच लॅपटॉप इथे मोजले गेले आहेत, आणि त्यांची वापरण्याची रीत आपल्यासारखीच असेल असे धरून चालता येत नाही.

आता क्रमवारीकडे वळू. असूस पहिली आणि तोशिबा दुसरी, या दोहोंतला फरक दशांश एक टक्का! समजा प्रत्येक कंपनीचे हजार लॅपटॉप मोजले. तेव्हा १५.६ या आकड्यात निव्वळ योगायोगाने दोन्ही बाजूंना सुमारे सव्वादोन टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणजे पहिल्या चार नावांत डावे-उजवे करण्याला फारसा अर्थ नाही. परीक्षेत अर्ध्या गुणाने पहिला आलेला मुलगा दुसऱ्यापेक्षा हुशारच असतो, असे आपण शिक्षक तरी मानत नाही. पहिल्या आणि शेवटच्या नावातला दहा टक्क्यांचा फरक मात्र योगायोगाच्या माथी मारता येणार नाही. तो खरा असावा. पण तो कशाचा आहे?

‘कंपनीचा’ असे उत्तर पटकन येते, आणि घोळ तिथेच होतो. एकच कंपनी स्वस्त आणि महाग, दोन्ही प्रकारचे लॅपटॉप विकते. याच अहवालात पहिल्या वर्षातले यंत्रदोष नेटबुक नावाच्या छोट्या स्वस्त लॅपटॉपांत ५.८ टक्के, तर महागड्या लॅपटॉपांत ४.२ टक्के आहेत. तेव्हा कंपनीच्या सरासरीत तिने कोणता माल किती विकला हेही मिसळलेले असते.

शिवाय यंत्रावर नाव एकाचे असले तरी आतले भाग अनेकांचे असतात. २००६ साली डेलने सुमारे ४१ लाख आणि अ‍ॅपलने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. लेनोव्हो आणि तोशिबा यांनाही तेच करावे लागले. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या या कंपन्या एकदम कशा चुकल्या? कारण बॅटऱ्यांमधले सेल सोनीने बनवलेले होते. त्यांत धातूचे सूक्ष्म कण राहून गेल्याने आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन बॅटरी तापण्याचा, पेटण्याचा धोका होता. पुढे २००८ साली एन्व्हिडिया या कंपनीने आपल्या काही चित्रचिपांच्या जोडणीत दोष असल्याचे मान्य केले आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्या चिपा एचपी, डेल आणि अ‍ॅपल या तिघांच्याही काही लॅपटॉपांत होत्या. अनेक नामांकित कंपन्यांचे लॅपटॉप तर क्वांटा, कॉम्पॅल अशा तैवानी कंपन्या तयार करून देतात.

उलट बाजूही पाहा. अ‍ॅपलने २०१५ साली एक नवा, पातळ कीबोर्ड आणला. त्यात धूळ अडकून कळा बिघडतात अशा तक्रारी आल्या. २०१८ साली कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि २०१९ पासून तिने तो कीबोर्ड बदलायला घेतला. त्याआधी आणि त्यानंतर नाव तेच होते. टिकाऊपणा असतो तो विशिष्ट मॉडेलचा, विशिष्ट काळातला.

आणि काळ तर केव्हाच पुढे गेला. तक्त्यात दुसरी असलेल्या तोशिबाने २०१८ साली हा व्यवसाय शार्पकडे सोपवायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये त्यातून पूर्ण अंग काढून घेतले. तिसऱ्या सोनीने २०१४ सालीच आपला लॅपटॉपचा व्यवसाय विकून टाकला. गुणवत्ता यादीत आलेले दोघे शाळा सोडून गेले, तरी आम्ही जुनीच यादी हातात धरून बसलो होतो!

मग तक्ता टाकून द्यायचा का? नाही, वेगळ्या नजरेने वाचायचा. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट नावातले अंतर आहे १० टक्के. आणि अपघाताने बिघडलेले लॅपटॉप किती? १०.६ टक्के. म्हणजे नाव निवडण्यासाठी जेवढा वाद आम्ही घातला, जवळजवळ तेवढाच लाभ लॅपटॉप न पाडण्यात आणि त्याच्याशेजारी चहाचा कप न ठेवण्यात आहे. अहवालातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट, पण क्रमवारी पाहणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते.

दुसरी गोष्ट वर्गात करून पाहण्यासारखी आहे. सर्वांत चांगल्या लॅपटॉपच्या बिघाडाची शक्यता साधारण सहात एक, म्हणजे फाशावर एक पडण्याइतकी. सर्वांत वाईटाची साधारण चारात एक, म्हणजे दोन नाणी उडवून दोन्ही छापा पडण्याइतकी. चाळीस मुलांना एकेकदा फासा टाकायला सांगा आणि ‘एक’ किती जणांना पडला ते लिहा. मग प्रत्येकाला दोन नाणी उडवायला सांगा आणि ‘दोन छापे’ मोजा. हे चार-पाच वेळा करा. बहुतेक वेळा नाण्यांचे ‘बिघाड’ जास्त येतील, पण एखाद्या वेळी उलटही होईल. मग मुलांना विचारा, ज्याने एकदाच नाणी उडवली आणि ज्याला छापे पडले नाहीत, तो काय म्हणेल? ‘माझा उत्तम चालला!’ वाईट नावाच्या लॅपटॉपचेही चारांपैकी तीन मालक असेच म्हणतील, आणि चांगल्या नावाचा सहांतला एक शिव्या देईल. आमचे सर आणि बाई दोघेही खरेच बोलत होते.

यातून आम्ही धडा घेतला तो असा. एकच लॅपटॉप घेणाऱ्याने ‘तो बिघडेल का?’ एवढ्यावर न थांबता ‘बिघडला तर काय?’ हे विचारावे. म्हणून दुकानदाराला आम्ही चार प्रश्न विचारले. दुरुस्ती केंद्र कुठे आहे, आणि दुरुस्ती तिथेच होते की यंत्र दूर पाठवतात? बॅटरी, चार्जर, कीबोर्ड सुटे मिळतात का? मेमरी आणि साठवणीचा भाग बदलता येतो, की बोर्डावर कायमचा डाखलेला आहे? हमीत पडणे-सांडणे धरले आहे का? (बहुधा धरलेले नसते; विचारलेले बरे.) फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले. आपल्याला हे गुण प्रश्न विचारूनच द्यावे लागतात.

शेवटी आम्ही घेतलेला लॅपटॉप ना पहिल्या नावाचा होता, ना शेवटच्या. त्याचे दुरुस्ती केंद्र तालुक्याच्या गावी आहे आणि मागचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते. उरलेल्या पैशांत जाड अस्तराची पिशवी आणि प्रती ठेवायला एक बाहेरची डिस्क आली. दर शनिवारी सगळ्या फायलींची प्रत त्या डिस्कवर जाते. हे काम नववीच्या दोन मुली आठवणीने करतात, आणि चहाचा कप टेबलाजवळ आला की सरांनाही टोकतात.