काचेवरचे शेवाळ आणि माशाचा राग

ऑस्कर हा मासा दुकानातून आणताना दोन-अडीच इंचांचा असतो. खाणेपिणे नीट मिळाले की तो फूटभर वाढतो. तोवर टाकीतले गप्पी आणि टेट्रा त्याच्या पोटात गेलेले असतात आणि घरची मंडळी म्हणू लागतात, "मासा फार रागीट आहे हो!" माझ्याकडे असे दोन ऑस्कर तीन फुटी टाकीत होते. एका सकाळी त्यांतला एक मेलेला आढळला. त्याचे पर फाटले होते, खवले उडाले होते, पण त्याचा घासही कोणी घेतलेला नव्हता.

गप्पी गिळणे आणि जातभाईला मारणे ही एकाच रागाची दोन रूपे आहेत काय? नाहीत, असे कोनराड लॉरेन्झ यांनी आपल्या आक्रमकतेवरील पुस्तकात ठासून सांगितले आहे. मूळ जर्मन पुस्तक १९६३ चे. 'ऑन ॲग्रेशन' हे इंग्रजी भाषांतर १९६६ साली आले. सिंह म्हशीवर झेपावतो तेव्हा तो चिडलेला नसतो, भुकेलेला असतो. आक्रमकता म्हणजे स्वजातीयांशी होणारा झगडा. हा भेद आजही टिकून आहे आणि पुस्तकाचे ते मोठे श्रेय आहे. मात्र त्यापुढची पायरी मला पटत नाही.

लॉरेन्झ म्हणतात की आक्रमकता आतल्या आत आपोआप साचत जाते. चिथावणी मिळाली नाही तरी साचलेले कधीतरी बाहेर पडणारच. ह्याला पुरावा म्हणून त्यांनी घरच्या टाकीतले सिक्लिड मासे उभे केले आहेत. त्यांतला एक आपल्याकडचा, म्हणजे केरळ आणि श्रीलंकेच्या खाजणांतला पिवळा एट्रोप्लस मॅक्युलेटस. गोव्यातल्या काळुंदराचा हा धाकटा भाऊबंद. ह्या माशाची जोडी एकटीच टाकीत ठेवली की नर मादीवर तुटून पडतो. मधे काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली, तर दोन्ही नर काचेतून एकमेकांशी भांडतात आणि माद्या सुखरूप राहतात. काचेवर शेवाळ चढून पलीकडचे दिसेनासे झाले, की नर पुन्हा घरच्या मादीशी उद्धट वागू लागतो. काच पुसली की घरात शांतता!

निरीक्षण सुरेख आहे, खोटेही नाही. पण त्यावरून राग साचतो हे सिद्ध होते काय? टाकीचाच विचार करा. ओढ्यात किंवा खाजणात हरलेला मासा पळतो, दिसेनासा होतो आणि मारामारी तिथेच थांबते. टाकीत तो पळणार कुठे? तीन फुटांच्या भिंतीत तो सतत डोळ्यांसमोर राहतो, म्हणजे चिथावणी संपतच नाही. माझ्या ऑस्करचे मरण समजायला एवढे पुरेसे आहे. आत साचलेल्या रागाची गरज नाही. शेजारी दिसला की नराचे लक्ष तिकडे वेधले जाते, हेही साधे स्पष्टीकरण आहे. दोन्ही स्पष्टीकरणांना लागू पडणारा पुरावा एकाच्या पारड्यात कसा टाकायचा?

निवाडा करायचा तर दोघांचे भाकीत वेगळे निघेल असा प्रयोग हवा. तो केला लॉरेन्झ यांच्याच शिष्याने. वॉल्टर हायलिगेनबर्ग आणि उर्सुला क्रामर यांचा निबंध १९७२ चा आहे. एका आफ्रिकी सिक्लिडच्या नराबरोबर लहान मासे ठेवून, तो त्यांना किती वेळा चावा घेतो हे त्यांनी मोजले. प्रतिस्पर्धी नराची प्रतिकृती वारंवार दाखवली की चावे वाढत गेले. दाखवणे बंद केल्यावर ते हळूहळू कमी झाले. साचण्याचा सिद्धांत खरा असता तर चिथावणी थांबल्यावर चावे वाढायला हवे होते, आणि प्रतिकृतीवर राग निघून गेल्यावर घटायला. घडले नेमके उलट. लॉरेन्झ यांना अनुकूल प्रयोगही झाले आहेत, एट्रोप्लसवरही, त्यामुळे प्रकरण अगदीच एकतर्फी नाही. पण सर्व प्राण्यांना लागू असा नियम म्हणून त्यांचे म्हणणे टिकत नाही.

मग ह्या जुन्या पुस्तकाची झाडाझडती आज कशाला? लॉरेन्झ माशांवर थांबले नाहीत म्हणून. माणसातही हेच साचते, ते खेळांतून वाहून जाऊ द्यावे, असा सल्ला त्यांनी दिला. दांडगट मुलाला कबड्डीत घाला, त्याची रग जिरेल, हे वाक्य आपण शिक्षकांच्या खोलीत किती वेळा ऐकतो! कबड्डी जरूर खेळवावी, पण रग जिरते की सरावाने वाढते, हा प्रश्न मोजून सोडवण्याचा आहे. १९७३ चे नोबेल मिळवणाऱ्या माणसाने म्हटले म्हणून तो सुटत नाही.

मोजण्याची सवय लावायला शोभेच्या माशांचे दुकान बरे. तिथे फायटर माशांच्या बरण्यांमध्ये कागदाचे तुकडे उभे केलेले असतात. कागद काढल्यावर नर कल्ले किती वेळा फुगवतो ते दहा मिनिटे मोजावे. आठवडाभर कागदाआड असलेला नर जास्त फुगवील, असा माझा अंदाज आहे. विद्यार्थी लगेच म्हणतील, "राग साचला होता, सर!" तेव्हा विचारावे, की सतत शेजारी पाहणारा दुसरा मासा नुसता सरावला नसेल कशावरून? त्यासाठी तिसरी बरणी कोणती आणि कशी ठेवायची, हे वर्गालाच ठरवू द्यावे. मोजणी झाली की कागद पुन्हा मधे घालावा, आणि दोन नर एका बरणीत मात्र कधीही सोडू नयेत.