मनातला चेहरा आणि पडद्यावरचा

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला की थिएटरातून बाहेर पडणाऱ्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाकी सगळे ठीक, पण ती अशी नव्हती हो!’ मौज अशी की हे वाक्य बोलणाऱ्याने ‘तिला’ कधीच पाहिलेले नसते. ती कुणाच्या शेजारी राहत नव्हती, कुणाच्या नात्यातली नव्हती. ती होती छापील कागदावर. तरीही तिचे नाक असे नव्हते, तिची उंची एवढी नव्हती, हे तो वाचक शपथेवर सांगायला तयार असतो. समीक्षकांनी या तक्रारीकडे आजवर हसून दुर्लक्ष केले आहे. मला वाटते, ती तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वाचन म्हणजे काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर तिच्या पोटात दडलेले आहे.

आधी एक धंद्यातले गुपित सांगून टाकतो. आम्ही कादंबऱ्या लिहिणारे लोक पात्राचा चेहरा फारसा रंगवीत नाही. आणि रंगवला तरी वाचक तो लक्षात ठेवीत नाही. तिसऱ्या पानावर नायिकेचे डोळे पिंगट आहेत असे लिहावे आणि तिसाव्या पानाशी वाचकाने तिला खुशाल काळेभोर डोळे देऊन मोकळे व्हावे, हा नित्याचा अनुभव आहे. वाचकाच्या मनात टिकते ते वेगळेच : ते माणूस कसे बोलते, रागावल्यावर काय करते, ते घरात आले की बाकीची माणसे गप्प होतात की मोकळी होतात. या खुणांवरून वाचक आपल्या पदरचा एक चेहरा त्या पात्राला लावून टाकतो. तो चेहरा कुठून येतो? त्याच्या मावशीचा, त्याच्या वर्गातल्या एखाद्या मुलीचा, गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या वाण्याचा. म्हणून पडद्यावर दुसराच चेहरा दिसला की त्याला जे दुखते ते लेखकाच्या वतीने नव्हे. त्याने स्वतः घातलेली भर कुणीतरी पुसलेली असते.

याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. बेचाळीस रात्रींच्या या गोष्टींत आई प्रत्येक पानावर आहे. पण ती दिसायला कशी होती, हे पुस्तक मिटल्यावर कुणाला सांगता येईल? आपल्याला आठवतात ते तिचे हात. पोहायला जायला भिणाऱ्या श्यामला शिंपटीने झोडपणारे आणि मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून कापणारे हात. अंघोळीनंतर मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंडीवर आपले लुगडे पसरणारे हात. गुरुजींनी हात दिले, शब्द दिले, दारिद्र्य दिले. चेहऱ्याची जागा मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेत महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या मुलांनी आपापली आई आणून बसवली.

आता १९५३ सालच्या आचार्य अत्र्यांच्या धाडसाकडे पाहा. ज्या पुस्तकातल्या आईला लाखो चेहरे आहेत तिला एकच चेहरा द्यायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी निवडल्या कुणाला, तर वनमालाबाईंना! बाई ग्वाल्हेरच्या, चांगल्या शिकलेल्या, दिसायला देखण्या. सोहराब मोदींच्या १९४१ सालच्या ‘सिकंदर’मधली त्यांची रुखसाना लोकांच्या डोळ्यांसमोरून अजून हलली नव्हती. राजवैभवात वावरलेली ही नटी पालगडच्या दरिद्री घरातली आई शोभेल काय, अशी शंका कुणाला आली असती तर त्याला दोष देता आला नसता. पण चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच देण्यात आले ते याच मराठी चित्रपटाला.

हे कसे साधले? वनमालाबाईंचा चेहरा वाचकांच्या आईशी जुळला म्हणून नव्हे. लाखो आयांशी जुळणारा एक चेहरा जगात असणे शक्यच नाही. जुळले ते हात. शिंपटी उगारताना त्या बाईंच्या अंगात जो कठोरपणा येतो आणि दुसऱ्या क्षणी जो ओसरतो, तो पुस्तकातलाच आहे. प्रेक्षकाने तो ओळखला आणि चेहऱ्याचा हट्ट आपण होऊन सोडला. समोर माधव वझ्यांचा श्याम होता. त्याच्या डोळ्यांतून आपण आईकडे पाहिले, हेही विसरता कामा नये. पुस्तकातली आई ही श्यामने सांगितलेली आई आहे. ती चांगली दिसण्यासाठी आधी श्याम खरा असावा लागतो.

चेहऱ्यावर सारे अवलंबून नाही याचा दुसरा पुरावा चिं. वि. जोशींच्या चिमणरावांनी दिला आहे. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावं करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्या पिढीला चिमणराव म्हटले की दामुअण्णाच दिसत. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होऊन आले, आणि पुढच्या पिढीने शपथ घेतली की चिमणराव असेच होते! दामुअण्णा आणि प्रभावळकर यांच्या चेहऱ्यांत साम्य शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. साम्य आहे ते एका गोष्टीत : दोघांचाही चिमणराव संकटात सापडला की आधी आपली अब्रू सावरू पाहतो आणि त्या खटपटीत संकट दुप्पट करून ठेवतो. चिं. वि. जोशींनी लिहिलेला चिमणराव तो हाच. आजोबा आणि नातू दोघेही खरे बोलत आहेत. भांडण्याचे कारण नाही.

मग काय, कुणालाही कोणतीही भूमिका द्यावी आणि वाचकाने मुकाट्याने पाहावे? मुळीच नाही. काही पुस्तकांत शरीर हीच गोष्ट असते, आणि तेथे चूक झाली तर ती क्षम्य नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा हा कसलेल्या अंगाचा गडी. राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या गड्याला नाच्या व्हावे लागते. ही त्याची शोकांतिका मनात उतरायची तर आधी ते पिळदार शरीर डोळ्यांना दिसले पाहिजे आणि मग ते लचकताना पाहून आपल्या पोटात कालवले पाहिजे. २०१० साली रवी जाधवांच्या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी आधी अंग कमावले आणि नंतर तेच उतरवले. वाचकांनी त्यांचे कौतुक केले त्यात नुसते मेहनतीचे कौतुक नव्हते. पुस्तकाची अट पाळली गेल्याचे समाधान होते.

काही पुस्तकांत वय हीच गोष्ट असते. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला जोशी नववीत आहे, काळ आणीबाणीचा आहे, आणि ज्या मुलीवर त्याचा जीव जडला तिला तो आडनावाने ‘शिरोडकर’ म्हणतो. ज्याने मुलामुलींच्या शाळेत चार वर्षे काढली आहेत त्याला या आडनावातली हुरहूर वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आता या जोशीच्या जागी दाढी उतरवून आलेला पंचविशीचा तरुण बसवला असता तर? तेच शब्द, तेच प्रसंग, पण सारे खोटे! सुजय डहाके यांनी २०१२ साली पडद्यावर आणलेल्या ‘शाळा’त अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ही खरोखरीच शाळकरी वयाची मुले होती. केतकी ‘माझ्या मनातली शिरोडकर’ आहे की नाही, यावर वाचकांनी हवा तेवढा वाद घालावा. पण तिचे वय खरे होते आणि म्हणून तिचे गप्प राहणेही खरे होते.

सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’च्या चाहत्यांची २०१३ साली जी तगमग झाली तिचे मूळही येथेच आहे. ज्यांनी ही कादंबरी वसतिगृहातल्या खाटेवर पडून रात्र रात्र वाचली त्यांच्या मनातले श्रेयस, दिग्या, शिरीन विशीच्या आसपासचे. आणि पडद्यावर श्रेयस, दिग्या होऊन आले ते तिशी ओलांडलेले, लोकप्रिय, ओळखीचे चेहरे. चित्रपटाला गर्दी लोटली हे खरे, आणि तो पाहून कैक तरुणांना पुस्तकाची ओढ लागली असेल तर त्याचा आनंदच आहे. पण गर्दी हे उत्तर नव्हे. विशीत माणूस मित्रासाठी जी वेडेपणाची उडी घेतो तीच उडी पस्तिशीतल्या चेहऱ्याने घेतली की तिचा अर्थ बदलतो. जुन्या वाचकांना नेमके हेच बोचले. फक्त त्यांनी ते ‘हा तो वाटत नाही’ एवढ्याच शब्दांत सांगितले.

भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेची गोष्ट याहून निराळी. दूरदर्शनवर सुमीत राघवन हा मुलगाच फास्टर फेणे होता. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघांचा फेणे चांगला तरुण झालेला आहे. पण येथे फसवणूक नाही. आम्ही मोठा झालेला फेणे दाखवतो आहोत, असे चित्रपट उघडपणे सांगतो. शिवाय खुद्द भागवत आजोबांनाच त्याच्या गोष्टीत आणून बसवतो, आणि ते आजोबा झाले आहेत कोण, तर आपले चिमणराव प्रभावळकर! चाळिशीतल्या वाचकाला आपला शाळकरी फेणे हरवल्याचे वाईट वाटेल. पण ‘ट्टॉक्’ तेवढेच खणखणीत वाजले की तो निम्मा राग गिळून टाकील.

येथवर मी वाचकाची बाजू घेतली. आता त्याला दोन गोष्टी सुनावल्याच पाहिजेत. आपल्या मनातले चित्र अगदी आपले स्वतःचे असते, हा वाचकाचा समज तितकासा खरा नाही. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आपण जिच्यापुढे दिवा लावणार ती कमळातली लक्ष्मी आपल्या मनात कोणी घातली? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या रंगीत चित्रांनी घराघरांतल्या देवतांना चेहरे दिले. आज आपण डोळे मिटून लक्ष्मी आठवू गेलो तर बहुधा त्याचीच लक्ष्मी दिसते. पुढे दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांच्या आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर स्त्रिया रंगवल्या, आणि पान उलटण्यापूर्वीच वाचकाला नायिका दिसू लागली. म्हणजे चित्रपटाने येऊन कोऱ्या पाटीवर रेघ ओढली असे नाही. पाटीवर आधीच बरेच काही होते.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. नायिकेचा रंग लेखकाने सांगितला नाही की वाचक तिला गोरी करून टाकतो. सावळी म्हणून सांगितले तरी ‘म्हणजे तशी उजळच’ अशी सवलत देतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या तळहाताला घट्टे असतील, हे त्याच्या मनात येत नाही. ‘ती अशी नव्हती’ या तक्रारीत पुष्कळदा ‘ती एवढी काळी नव्हती’, ‘ती एवढी साधी नव्हती’ हे न उच्चारलेले शब्द असतात. अशा वेळी दिग्दर्शकाने आपला हट्ट चालवला तर तो पुस्तकाला वाचकापेक्षा अधिक प्रामाणिक राहिला असे म्हणावे लागेल. म्हणून तक्रार करण्याआधी पुस्तक उघडून पाहावे : जे गेले म्हणून आपण रडतो ते लेखकाने दिले होते, की आपल्या सवयीने?

एवढे मान्य करूनही एक नुकसान उरतेच, आणि मला त्याची काळजी मास्तर म्हणून वाटते. एकदा सातवीच्या मुलांना ‘श्यामची आई’तले काही भाग वाचून दाखवले आणि आईचे चित्र काढायला सांगितले. काय एकेक आया निघाल्या! एकीला चष्मा होता, एक लठ्ठ होती, एकीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एकीच्या डोक्यावर गवताचा भारा. दुसऱ्या एका तुकडीने आधी चित्रपट पाहिला होता. त्यांनाही तेच काम दिले. सारी चित्रे एका छापाची! मुलांचा हात वाईट नव्हता. त्यांना काही शोधायचेच उरले नव्हते. मोठ्या माणसाने वाचून तयार केलेला चेहरा पडद्याशी निदान भांडतो तरी. ज्या मुलाने तो कधी तयारच केला नाही त्याला भांडता येत नाही. आणि आपण काही गमावले हे त्याला कळतही नाही.

यावर चित्रपट वर्ज्य करा, असा उपाय मी सांगणार नाही. ज्या घरांत पुस्तक पोचले नाही तेथे अत्र्यांच्या चित्रपटाने आई पोचवली. ते उपकार विसरता येणार नाहीत. २०२३ साली दिवाळीतच सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, कृष्णधवल रंगांत, गौरी देशपांडे यांना आईच्या भूमिकेत घेऊन. एक आई असताना दुसरी कशाला, असे काहींना वाटले असेल. मला मात्र तिचा एक मोठा फायदा दिसतो. एकच चेहरा असला की तो शिक्का होतो. दोन झाले की मुलाला कळते, तिसराही असू शकतो, आणि तो माझा असू शकतो.

तेव्हा वाचकहो, सुट्टीत मुले घरी आहेत, फराळाचे डबे भरलेले आहेत, तोवर एवढे करावे. ज्या पुस्तकाचा चित्रपट दाखवायचा आहे त्याची चार प्रकरणे आधी मोठ्याने वाचावीत, आणि मुलांना विचारावे : हा माणूस तुला कसा दिसतो? उत्तर हास्यास्पद असले तरी हसू नये. मग खुशाल चित्रपट लावावा. पाहता पाहता एखादे पोर ओरडेल, ‘पण ती अशी नव्हती!’ ते ओरडले की समजावे, त्याने पुस्तक वाचले.