झाडात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये माझी पाळी होती. मी मुद्दामच एक जुना पेपर निवडला. सायमन हॅरिस, शेरॉन पीकॉक आणि सहकाऱ्यांचा, 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये 2013 साली छापला गेलेला. (पीकॉक म्हणजे त्याच, ज्यांनी पुढे 2020 मध्ये ब्रिटनचं कोविड जीनोमचं काम चालवलं.) आमच्या क्षेत्रात हा पेपर सगळ्यांनी वाचलेला असतो, निदान तसं सांगतात तरी. जिनोम वाचून हॉस्पिटलातली साथ कशी पकडली, याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे हा.

गोष्ट केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलमधली, 2011 ची. नवजात बाळांच्या विशेष कक्षात सहा महिन्यांत 12 बाळांच्या अंगावर एमआरएसए सापडला. म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा तो प्रकार, जो मेथिसिलिन आणि त्याच्या कुळातल्या बहुतेक औषधांना दाद देत नाही. साधा स्टॅफ आपल्यातल्या दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात सुखाने राहत असतो. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण दीड किलोच्या बाळाच्या रक्तात तो गेला की गोष्ट वेगळी.

ही 12 बाळं एकाच साखळीतली, की योगायोगाने एकत्र आलेली? नेहमीची पद्धत म्हणजे अँटीबायोग्राम, कोणतं औषध लागू पडतं आणि कोणतं नाही याची यादी. पण दोन जिवाणूंची यादी सारखी निघाली म्हणून ते नातलग ठरत नाहीत. संशय होता, पुरावा नव्हता. मग जिनोम वाचले. स्टॅफचा जिनोम साधारण 28 लाख अक्षरांचा आणि त्यात वर्षाला मोजकेच बदल होतात, त्यामुळे कोण कोणाच्या किती जवळचा हे झाडासारखं मांडता येतं. झाडात 12 नव्हे, 26 जण निघाले. काही कक्षातली बाळं, काही बाळंतिणींच्या वॉर्डमधल्या आया, काही थेट हॉस्पिटलबाहेरची माणसं.

पुढचा भाग तर सिनेमासारखा आहे. शेवटचं बाधित बाळ घरी गेलं, कक्ष घासूनपुसून निर्जंतुक केला. 64 दिवसांनी पुन्हा एक बाळ पॉझिटिव्ह. जिनोम म्हणाला, हा नवा पाहुणा नाही, तोच जुना आहे. मग 154 कर्मचाऱ्यांचे स्वॅब घेतले आणि एकाच्या अंगावर तो सापडला.

बातम्यांनी इथेच टाळ्या वाजवल्या. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

पेपरच्या सारांशातलं वाक्य जपून लिहिलेलं आहे: कर्मचाऱ्याच्या अंगावर जिवाणू राहिल्यामुळे साथ टिकून राहू शकली. 'त्याच्यापासून सुरू झाली' असं कुठेही म्हटलेलं नाही. ते बरोबरच आहे, कारण कोणी कोणाला दिलं हे झाड एकट्याने सांगत नाही. त्या माणसाला तो बाळाकडूनच मिळाला असेल, हेही तितकंच शक्य. पण कथेची मांडणी अशी की शेवटी 'तो एक' सापडतो आणि पडदा पडतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात आरोपी उरतो.

आणि आया? त्या कथेच्या मध्यावर येतात आणि तिथेच राहतात. हॉस्पिटलबाहेरचे रुग्ण सापडले ते त्यांचे नमुने आधीच लॅबमध्ये आले होते म्हणून. या प्रकारच्या जिवाणूकडे पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन हे विष होतं, त्याने कातडीला गळवं येतात. गळू आलं की माणूस डॉक्टरकडे जातो, नमुना लॅबला जातो. जिला काहीच झालं नाही आणि जी नुसता जिवाणू नाकात घेऊन घरी गेली, ती या झाडात येणारच नाही. म्हणून 26 हा आकडा मला किमान आकडा वाटतो. कर्मचारी 154 तपासले. तितक्याच नेटाने बाळंतिणी तपासल्या असत्या तर शेवट इतका नेटका राहिला असता का, मला शंका आहे.

हे मला टोचतं त्याला घरचं कारण आहे. माझ्या मावसबहिणीचं बाळ तीन आठवडे एनआयसीयूत होतं. दाराशी बोर्ड: 'मातांनी हात स्वच्छ धुवावेत.' त्याखाली हँडरबची बाटली, बहुतेक वेळा रिकामी. बाळाला इन्फेक्शन झालं तेव्हा सिस्टरांनी पहिला प्रश्न ताईलाच विचारला. स्वॅब मात्र कोणाचाच घेतला नाही, ना तिचा ना स्टाफचा.

हा पेपर जसाच्या तसा आपल्याकडे लावता येत नाही, हेही खरं. 2011 ते 2014 दरम्यान दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांत झालेल्या डेनिस अभ्यासात नवजात बाळांच्या रक्तात सगळ्यात वरचढ निघाला असिनेटोबॅक्टर, मग क्लेब्सिएला. तिथे नाकाचे स्वॅब घेऊन फारसं हाती लागणार नाही. सिंक, सक्शनच्या नळ्या, सलाईन बघावं लागेल.

तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे आणि ती सिक्वेन्सर नव्हे. केंब्रिजच्या लॅबने जुने जिवाणू फ्रीझरमध्ये तारीख घालून जपले होते, म्हणून मागे जाऊन 12 चे 26 करता आले. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते. क्लबमध्ये मी विचारलं, आपल्या कोणत्या सहयोगी हॉस्पिटलकडे मागच्या वर्षीचे आयसोलेट आहेत? दोघांनी हात वर केले, त्यातल्या एकाने मागाहून खाली घेतला.