उत्सवाचे छायाचित्र आणि मर्यादेची कसोटी

देवळापुढच्या गर्दीत ज्याच्या हाती कॅमेरा नाही असा मनुष्य आज विरळा. जत्रा, पालखी, शिगमो, काला यांची छायाचित्रे दिनदर्शिकांवर छापली जातात, त्यांची प्रदर्शने भरतात, त्यांना पारितोषिके मिळतात. या साऱ्या उद्योगाचे परीक्षण मात्र प्रकाश, रंग आणि रचना या तीन शब्दांपलीकडे सहसा जात नाही. आमच्या मते हे परीक्षण अपुरे आहे. डोंगराचे चित्र काढले तर डोंगराचे काही बिघडत नाही. उत्सवात नाचणारा मनुष्य मात्र दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात, शाळेत, कचेरीत जातो. त्याला नाव असते, शेजारी असतात, लौकिक असतो. त्याचे चित्र चांगले की वाईट हे ठरविताना त्याला वगळून कसे चालेल?

उदाहरणादाखल माशेलचा चिखलकालो घेऊ. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, अखंड भजनाची सांगता झाल्यावर, देवकीकृष्णाच्या देवळापुढील मैदानात हा सोहळा होतो. हा देव मूळचा चोडण बेटावरचा. पोर्तुगीज अमदानीत तेथून तो मयेमार्गे माशेलास आला. अंगाला तेल चोपडलेले पुरुष आणि मुलगे विठ्ठलाचा गजर करीत पावसाने भिजलेल्या चिखलात उतरतात आणि बाळकृष्णाचे खेळ खेळतात. प्रेक्षकांकडून खाऊची उधळण होते, ती झेलण्यासाठी झुंबड उडते. अलीकडे सरकारच्या पर्यटन खात्याचेही लक्ष या सोहळ्याकडे गेले आहे आणि कॅमेऱ्यांची संख्या त्या मानाने वाढली आहे.

या सोहळ्याची जी छायाचित्रे नावाजली जातात त्यांतील बहुतेकांचा साचा एकच. चिखलाने माखलेला एकच चेहरा, त्यात चमकणारे डोळे आणि पांढरेशुभ्र दात. मागची सारी माणसे धूसर. यंत्राचे कसब त्यात निःसंशय आहे. परंतु काला या शब्दाचा अर्थच मिसळणे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या, त्यात कोणाची भाकरी कोणती हे उरले नाही, हेच त्या कथेचे मर्म. चिखलात उतरलेला वकील, किराणा दुकानदार, मामा, भाचा एका रंगाचे होतात आणि घटकाभर कोणी कोणाहून वेगळा राहत नाही. त्यांतून एकालाच उचलून बाकीच्यांना धूसर करणारे चित्र उत्सवाचा अर्थच पुसून टाकते. त्यात उत्सव उरत नाही, उरतो तो एक विचित्र दिसणारा अनोळखी मनुष्य. परक्या प्रेक्षकाला ते आवडते, कारण त्याला त्या मनुष्याशी काही देणेघेणे नसते.

मग दूर जाऊन सारा समुदाय एका चौकटीत धरावा काय? पंढरीच्या वारीवरील दोन पुस्तके या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. उद्धव ठाकरे यांचे ‘पाहावा विठ्ठल’ हे २०११ साली निघालेले पुस्तक वारी आकाशातून दाखविते. संदेश भंडारे यांचे ‘वारी : एक आनंदयात्रा’ ती जमिनीवरून, वारकऱ्याच्या उंचीवरून दाखविते. आकाशातून समुदायाची भव्यता दिसते, वाट नदीसारखी वाहते. त्यात कोणाची अप्रतिष्ठा नाही, परंतु कोणाची ओळखही नाही. जमिनीवरचा छायाचित्रकार ओळखीच्या टापूत येतो; तेथेच त्याला मोह होतो आणि तेथेच त्याची परीक्षाही होते. अंतर राखून निर्दोष राहणे सोपे आहे. जवळ जाऊन सभ्य राहणे ही खरी कला होय.

पूर्वी ही सभ्यता काही अंशी यंत्रच सांभाळीत असे. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असताना छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे राजछायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांचा काळ घ्या. जड पेटी, तिपाई आणि काचेच्या पट्ट्या घेऊन आलेला छायाचित्रकार चोरून चित्र काढूच शकत नव्हता. समोरच्याला स्थिर उभे राहावे लागे, आणि स्थिर उभे राहणे हीच त्याची संमती असे. पडदानशीन स्त्रियांसाठी दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो एका स्त्रीच्या हाती सोपविला. त्यात धंद्याची दृष्टी होतीच. परंतु कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याच्या संकोचालाही काही मोल आहे हे त्यात मान्य केलेले होते. १९२५ साली लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि ते बंधन सुटले. आता तर मनुष्याला न कळता त्याचे चित्र निघते, आणि त्याला न कळताच ते हजारोंपर्यंत पोहोचते.

यंत्र लहान झाले म्हणजे मर्यादा लहान झालीच पाहिजे असे मात्र नाही. होमाई व्यारावाला यांची प्रथम छापलेली चित्रे मुंबईतील स्त्रियांच्या एका सहलीची होती; साध्या माणसांच्या सुटीच्या दिवसाची. पुढे पंडित नेहरूंची आणि स्वातंत्र्याच्या समारंभांची छायाचित्रे त्यांनी काढली, तीही अंगावर न जाता, अदबीने. १९७० साली, नव्या छायाचित्रकारांच्या वर्तनाला विटून, त्यांनी हा व्यवसाय सोडला. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्या वडोदऱ्यास राहिल्या आणि २०१२ साली तेथेच निवर्तल्या. त्यांच्या निवृत्तीतच एक टीकालेख दडलेला आहे असे आम्हांस वाटते.

येथे कोणी म्हणेल, कायदा आहे ना? कायद्याचा आधार आहे, पण तोकडा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा. मोबदला देऊन कोणी ते काढवून घेतले असेल, तर अन्य करार नसल्यास हक्क काढविणाऱ्याचा. ज्याचा चेहरा, त्याचे नाव या हिशेबात कोठेच येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि मनुष्य सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून तो हक्क संपत नाही हेही त्या निर्णयात सांगितले गेले. स्त्रीच्या खाजगी क्षणांच्या चित्रणाविषयी भारतीय न्यायसंहितेच्या ७७व्या कलमात एक मार्मिक स्पष्टीकरण आहे : चित्र काढू देण्याची संमती म्हणजे ते इतरांत पसरविण्याची संमती नव्हे. ते कलम मर्यादित प्रसंगांपुरतेच आहे. तथापि त्यातील विवेक सर्व छायाचित्रणास लागू पडण्याजोगा आहे. तरीही चिखलात खेळलेला मुलगा आपला चेहरा एखाद्या जाहिरातीत पाहून न्यायालयात धाव घेईल, ही अपेक्षा व्यवहारात फोल आहे. कायदा जेथे पोहोचत नाही तेथे रसिकतेने पोहोचले पाहिजे.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. ज्याचे चित्र काढले, त्याच्या घरच्या भिंतीवर ते लावता येईल काय? त्याची आई ते पाहून सुखावेल, की तोंड फिरवील? ही कसोटी लावली म्हणजे सुंदर म्हणविणारी कित्येक चित्रे गळून पडतात. तळीवर स्नान करणारी, अंगात आल्याने भान हरपलेली, प्रसादासाठी पदर पसरणारी माणसे चोरून टिपलेली असतात. ती कोणत्याही भिंतीवर शोभत नाहीत. उलट दिवजांच्या उजेडात मैत्रिणीकडे वळून हसणारी सुवासिनी, ढोल उतरवून घाम पुसणारा वादक यांची साधी चित्रे या कसोटीस उतरतात.

यावर आक्षेप येईल, की विचारून काढलेले चित्र कृत्रिम होते, आणि केवळ गोड चित्रे काढणे म्हणजे सत्याशी प्रतारणा. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच आम्ही आधी विचारा असे म्हणत नाही, नंतर दाखवा असे म्हणतो. क्षण टिपावा, आणि छापण्यापूर्वी ज्याचा तो त्याच्यापुढे ठेवावा. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर असे, की गर्दीची चेंगराचेंगर, व्यवस्थेची हेळसांड, कोणाची दांडगाई यांची चित्रे अवश्य निघावीत; ती साक्ष आहे, आणि साक्षीदाराने आरोपीची परवानगी मागावयाची नसते. परंतु श्रद्धेने आलेला यात्रेकरू आरोपी नव्हे.

आमच्या अनेक देवळांत गर्भगृहाचे छायाचित्र काढू नये असा फलक असतो, आणि तो योग्यच आहे. पण भक्ताच्या ठायी देव पाहावा असे सांगणाऱ्या परंपरेच्या अंगणात मूर्तीला संरक्षण आणि भक्ताला मात्र नाही, ही विसंगती आहे. देवस्थान समित्यांनी छायाचित्रांच्या स्पर्धा जरूर भराव्यात. फक्त एक नियम घालावा, की ज्याचा चेहरा चित्रात ओळखू येतो, त्याने ते पाहून होकार दिलेला असावा आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी पोहोचलेली असावी. चित्रांची संख्या त्यामुळे घटेल. जी उरतील त्यांत मात्र आमची माणसे आम्हांस ओळखू येतील.