गिटारवादकाचा कान: नेमकी तयारी कशाची?

गिटार शिकणाऱ्यांत ‘इअर ट्रेनिंग’ हा शब्द आता चांगलाच रुळलाय. कान तयार करायला हवा हे लोकांना पटलंय, याचा आनंदच आहे. पण या नावाखाली जे करून घेतलं जातं, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

नेहमीची पद्धत अशी. मोबाइलवरचं ॲप दोन स्वर वाजवतं आणि विचारतं, यांच्यात अंतर किती? चार पर्यायांतला एक निवडायचा. उत्तर बरोबर आलं की गुण. सरावाने माणूस यात पटाईत होतो. आणि मग त्याला म्हणा, ‘हे गाणं ऐकून वाजव बघू.’ तो आधी टॅब शोधायला लागतो. असं का व्हावं?

एक उदाहरण घेऊ. शुद्ध स्वरांत सा ते ग, म ते ध आणि प ते नी, तिन्ही ठिकाणी अंतर सारखंच: चार अर्धस्वर, म्हणजे एकाच तारेवर चार फ्रेट. ॲपच्या लेखी तिन्हींचं उत्तर एकच. आता गाऊन बघा. ग वर आवाज टेकतो. नी मात्र टेकू देत नाही, वरच्या सा कडे ओढतो. अंतर तेच, पण स्वराचं घर वेगळं. गाणं ऐकताना आपल्याला कळायला हवं ते हे घर. आणि ते सा शिवाय कळत नाही. ॲपच्या प्रश्नांत सा कायम नसतोच. दर प्रश्नाला नवे दोन स्वर, मागचं सगळं पुसून.

आपल्याकडे तानपुरा मागे वाजत ठेवतात तो शोभेला नव्हे. प्रत्येक स्वर सा च्या नात्याने ऐकायची सवय त्यातून लागते.

दुसरा मुद्दा वाद्याचा. फ्रेट स्वर आयता देतात. बोट योग्य जागी पडलं की स्वर येणारच, कान झोपला असला तरी. इथे ब्रिजभूषण काबरा आठवतात. अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून पट्टी सरकवत वाजवायचे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पुन्हा ऐका, आणि या वेळी फक्त गिटारकडे लक्ष द्या. अशा वादनात फ्रेट स्वर ठरवत नाही. पट्टी कुठे थांबवायची हे कान सांगतो. मींड घेताना तर कानाला क्षणभरही सुट्टी नाही.

आता उलट बाजूही सांगतो. कॉर्ड ओळखायला, नोटेशन वाचायला स्वरांतरं माहीत असणं उपयोगीच आहे. शिवाय तानपुऱ्याची रीत गिटारवर जशीच्या तशी बसत नाही. तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा फ्रेटवरचा शुद्ध गंधार सुमारे 14 सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. तेव्हा त्या बारीक फरकापायी गिटारला दोष देऊ नका. नातं ऐकायला शिका, एवढंच.

मग करायचं काय? पहिलं, ट्यूनर रोज वापरू नका. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि पाचवी तार मोकळी, एकत्र वाजवा. ‘वांव-वांव’ अशी लहर ऐकू येईल. ती मंदावत मंदावत थांबली, की तारा जुळल्या. पुढेही असंच, फक्त तिसऱ्या तारेवर चौथा फ्रेट धरायचा. दुसरं, सहावी तार मोकळी वाजती ठेवा, तिला सा माना. पहिली तारही सा च आहे, दोन सप्तकं वर. आता ग आधी गळ्याने लावा आणि मगच पहिल्या तारेवर शोधा. चौथ्या फ्रेटवर सापडेल. शोधताना चुकलात तरी चालेल. चूक तुमच्याच कानाने पकडली, हाच खरा सराव.

टॅब सांगतो बोट कुठे ठेवायचं. बोट चुकलं हे तो सांगत नाही. ते ज्याचं त्यालाच ऐकू यावं लागतं, कारण मंचावर शेजारी गुरुजी बसलेले नसतात.